चेन एक दात मागे

मंगळवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी बासिलिया तार्कीची मिनीबस बोलिव्हियातल्या ला पाझहून वर एल आल्तोला चढताना शेवटच्या वळणाच्या अलीकडे बंद पडली. आत चौदा प्रवासी होते. महिन्याभरातली ही तिसरी वेळ.

बासिलियाने हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि प्रवाशांना उतरायला सांगितलं. पाठीवर बोचकं बांधलेली एक म्हातारी सगळ्यात मागच्या सीटवर अडकली होती. "पोरी, पाय काढू नकोस हां," ती ओरडली, "मी अजून आतच आहे. मरायचं असेल तर निदान चपटी होऊन नको." दोघे-तिघे हसले. बासिलिया हसली नाही. मागून हॉर्न वाजत होते, आणि मागच्या तिसऱ्या मिनीबसमधून लाइनचा, म्हणजे मिनीबसवाल्यांच्या संघटनेचा, सेक्रेटरी आरुकिपा उतरून चालत येत होता.

लाइनचा नियम सगळ्या ड्रायव्हरांना पाठ आहे. महिन्यात तीनदा ज्या गाडीने प्रवाशांना चढावर उतरवलं, तिची रांगेतली जागा जाते. जागा गेली की शहरातल्या कुठल्याच थांब्यावर त्या गाडीला माणूस घेता येत नाही. बासिलियाची जागा तिच्या वडिलांची होती. ते गेल्यावर ती तिला आपोआप मिळाली नव्हती. कित्येक वर्षं तिने दुसऱ्यांच्या गाड्या बदलीवर चालवल्या, दर सभेला हात वर केला, आणि शेवटी काठावरच्या मतांनी ती जागा परत मिळवली. त्या लाइनवर ती एकटीच बाई आहे. आरुकिपाच्या भाच्याने नवी मिनीबस घेऊन ठेवली आहे, आणि कुणाची तरी जागा मोकळी होण्याची वाट बघत ती अंगणात उभी आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे.

आरुकिपाने दार उघडलं, काचेमागचा रूटचा बोर्ड काढला आणि काखेत मारला.

"बोर्ड ठेव तिथे," बासिलिया म्हणाली. तिचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"शुक्रवारी सभा आहे. जे काय सांगायचं ते तिथे सांग."

"गाडीत बिघाड आहे. हेडचं गॅस्केट बदलल्यापासून ती ओढत नाही. मी मागच्या वेळीही हेच सांगितलं."

"मी विचारलं ना लिमाचीला. तो म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. बाई अर्ध्या क्लचवर चालवते."

"कोण म्हणाला?"

"तुझा कोंपाद्रे. तुझ्या पोरीला ज्याने बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं, तो. आता त्याच्यावर तरी विश्वास ठेवशील?"

उस्ताद एलेउतेरिओ लिमाची हे विया दोलोरेस वस्तीतल्या गॅरेजच्या गल्लीतलं जुनं नाव. बासिलियाच्या गाडीचं गॅस्केट त्यानेच बदललं होतं. एका दोस्ताच्या गाडीमागे दोर बांधून बासिलियाने मिनीबस तिथवर ओढून नेली. लिमाचीच्या फाटकापाशी पोचल्यावर तिने दोर सोडला आणि चार माणसांना हात लावायला सांगून गाडी फाटकाला बरोबर आडवी लावली. मग नाल्याकाठचे दगड एकेक करून उचलले आणि गाडीच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना ओळीने मांडले. एक जुना टायर आणून त्या ओळीच्या टोकाला ठेवला. किल्ली घागऱ्यासारख्या पोलेराच्या घेरात खोचली आणि पायरीवर बसली.

आमच्याकडे रस्त्यावर ओळीने दगड दिसले की कुणी विचारत नाही काय चाललंय. नाकाबंदी म्हणजे नाकाबंदी. ती ओलांडायची नसते. ओलांडणाऱ्यावर पुढे स्वतः नाकाबंदी करायची वेळ आली तर त्याच्या बाजूला कुणी उभं राहत नाही. लिमाचीने तर उमेदीची वर्षं ओरुरोच्या रस्त्यावर असेच दगड मांडण्यात घालवलेली. त्या काळात दगड ओलांडून निघालेल्या एका ट्रकच्या चारी चाकांतली हवा त्याने स्वतः काढली होती, आणि ही गोष्ट तो अजून सांगतो.

तो फाटकाच्या फटीतून बाहेर आला. हाताला ग्रीस, डोक्यावर टोपी. आधी दगड बघितले, मग तिला.

"कोमाद्रे, हे काय?"

"तुम्हाला दिसत नाही, कोंपाद्रे? तुम्ही तर यातले उस्ताद."

"आत माझ्याकडे तीन गाड्या आहेत. लोक न्यायला येतील."

"येऊ देत. दगड दिसतील त्यांना."

लिमाचीने टोपी काढली, परत घातली. कोंपाद्रे आणि कोमाद्रे एकमेकांना अरे-तुरे करत नाहीत, भांडतानाही नाही. त्यामुळे पुढचं सगळं भांडण अहो-जाहोत झालं आणि ऐकणाऱ्यांना ते जास्तच कडू लागलं.

"गाडी चढत नाही म्हणून माझ्यावर राग काढताय? चार हजार मीटरवर कुठली गाडी चढते? उंची आहे, कोमाद्रे. इथे हवाच नाही, तर इंजिन काय खाणार?"

"उंची गेल्या वर्षीही होती. तेव्हा चढत होती."

"पेट्रोल वाईट येतंय हल्ली."

"सगळ्या लाइनला एकाच पंपावरून येतं. बाकीच्या चढतात."

"शिंपण केलं होतंत का, दुरुस्तीनंतर? पाचामामेला, धरणीमातेला, थेंबही न देता गाडी रस्त्यावर काढली की ती रुसते. मी सांगितलं होतं."

"चारी चाकांना बीअर, इंजिनावर दारू, वर फुलं, कागदाच्या माळा. तुमच्यासमोरच केलं. उरलेली बीअर तुम्हीच प्यायलात." गल्लीच्या कोपऱ्यावर एमेतेरिया सूप विकते. ती पातेल्याआडून मोठ्याने हसली. बासिलियाने तिकडे बघितलं नाही. "पाचामामा दिलेलं विसरत नाही, कोंपाद्रे. माणसं विसरतात. आता मला सांगा, मी अर्ध्या क्लचवर चालवते?"

लिमाचीच्या चेहऱ्यावरचं उसनं हसू गेलं.

"आरुकिपाने विचारलं... काहीतरी बोलायला लागतं."

"माझी जागा त्याला भाच्यासाठी हवी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही त्याच्या हातात हे दिलंत."

"आवाज कमी करा."

"माझ्या दोन मागण्या आहेत," बासिलिया आवाज कमी न करता म्हणाली. नाकाबंदी करणारा आधी मागण्या सांगतो, ही रीतच आहे. "पहिली, हे इंजिन सगळ्यांसमोर उघडा. दुसरी, आत जे दिसेल ते शुक्रवारी सभेत स्वतःच्या तोंडाने सांगा. तोवर दगड हलणार नाहीत."

लिमाची आत गेला आणि फाटक लावून घेतलं.

बासिलियाने त्या दुपारी दुसराही रस्ता करून बघितला. समोरचं गॅरेज तोरिकोचं. वयाने तरुण, हात चांगला. ती त्याच्याकडे गेली.

"नाही, बाई," त्याने ऐकण्याआधीच मान हलवली. "उस्तादाने बंद केलेलं इंजिन मी उघडणार नाही. या गल्लीत ते चालत नाही. उद्या माझं कुणी उघडलं तर?"

"म्हणजे एकाने माती खाल्ली तर सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं?"

"तसं नाही. ज्याने बंद केलं त्यानेच उघडायचं."

"आणि तो उघडत नसेल तर?"

तोरिकोने खांदे उडवले. पण नंतर तिच्या मागोमाग बाहेर आला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला नक्की काय दिसलंय?"

बासिलियाने पुढची सीट उचलली. या मिनीबसचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखालीच असतं. ती रोज सकाळी पाणी बघायला सीट उचलते, त्यामुळे तिथला प्रत्येक डाग तिच्या ओळखीचा आहे. तिने डिस्ट्रिब्युटरवर बोट ठेवलं. तो मागेपुढे फिरवून ठिणगीची वेळ ठरवतात, आणि मग एका खाचेतला बोल्ट आवळतात. आधी बोल्ट खाचेच्या मधोमध असायचा. आता तो अगदी टोकाला जाऊन टेकला होता, आणि जिथे पूर्वी होता तिथे धातूचा एक गोल चट्टा चकचकीत दिसत होता.

"उंचीवर सगळेच थोडा पुढे फिरवतात," तोरिको म्हणाला.

"थोडा. टोकापर्यंत?"

तोरिकोने त्या चट्ट्यावरून अंगठा फिरवला. इंजिनात एक चेन असते. खालचा दांडा फिरतो, त्याच्याबरोबर वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा ती फिरवते. ती दातेरी चक्रावर एक दात जरी सरकली तरी व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. ठिणगी डिस्ट्रिब्युटर फिरवून वेळेवर आणता येते. व्हॉल्व्ह नाही आणता येत. गाडी चालू होते, सपाटीवर धावतेही, आणि अशक्तपणा दिसला की इथे सगळे म्हणतात, उंची. दुसऱ्या कुठल्या गावात हा बिघाड आठवड्यात पकडला गेला असता. एल आल्तोत कुणालाच शंका येत नाही.

"मी काही बोललो नाही," तोरिको म्हणाला आणि आपल्या गॅरेजमध्ये गेला. पण गल्लीत त्या संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडी चेनच होती.

बुधवारी गल्लीने बाजू घेतली. एमेतेरियाने सूप आणून दिलं, कुणी बटाटे, कुणी वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो, कुणी पाव. सगळ्यांनी फडकी पसरून जेवण मिनीबसच्या पायरीपाशी मांडलं आणि सगळे तिथेच बसून जेवले. आतल्या तीन गाड्यांपैकी एकीचा मालक आला, शिव्या घातल्या, दगड बघितले आणि जेवायला बसला.

लिमाची फाटकाच्या फटीतून बघत होता. त्याची अडचण साऱ्या गल्लीला ठाऊक होती. मोरेनादा नाचणाऱ्या मंडळाचा तो यंदाचा यजमान. शुक्रवारी संध्याकाळी, सभेच्याच वेळी, तालमीच्या मैदानावर त्याच्या खांद्यावर यजमानाचा पट्टा चढायचा होता. ज्या माणसाने साऱ्या मंडळाला जेवू घालायचं, बँड बोलवायचा, त्याने त्याच आठवड्यात चारचौघांत सांगायचं की माझ्या हातून चेन सुटली?

गुरुवारी सकाळी त्याने फाटक उघडलं. हातात पान्यांची पेटी होती.

"उघडतो," तो म्हणाला. "पण काही निघालं नाही तर तुम्ही माझ्या दारात गुडघ्यावर बसून माफी मागायची."

"मागेन. उघडा."

तोरिको आला. एमेतेरियाने पातेल्यावर झाकण ठेवलं. आणखी पाचसहा जण दगडांच्या बाहेर उभे राहिले. आत फक्त लिमाची आणि बासिलिया.

त्याने सीट काढली, वरचं झाकण सोडवलं. खाली क्रँकच्या, म्हणजे खालच्या दांड्याच्या, पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, पुलीवरची खूण शून्यावर येईपर्यंत. खूण शून्यावर असताना वरच्या चक्रावरचा ठिपका बरोबर वर, समोरच्या खाचेसमोर यायला हवा.

तो आला नाही. एक दात अलीकडेच थांबला.

"एक फेरा आणखी लागत असेल," लिमाची म्हणाला.

"लावा."

त्याने आणखी एक पूर्ण फेरा दिला, मग आणखी एक. खूण शून्यावर. ठिपका एक दात मागे. बाहेरून तोरिकोने मान लांब करून बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघू लागला.

मग लिमाची इंजिनावर वाकूनच, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "चक्र उतरवताना चेन तारेने बांधली होती. बँडवाले आले. बोलता बोलता तार सुटली. चेन खाली सैल पडली. मी ओढून घेतली, नजरेने बसवली."

"आणि खूण?"

"बघितली. जवळपास होती."

"जवळपास." बासिलिया सरळ उभी राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती. परत उघडायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. वाटलं, ठिणगी पुढे घेतली की चालून जाईल. उंचीवर तसंही..."

"उंची!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या छतावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "चौदा माणसं होती माझ्या मागे. चढावर. पाय उचलता येत नव्हता ब्रेकवरून. आणि तू इथे बसून त्यांना सांगत होतास, बाईला क्लच दाबता येत नाही!"

तू. दगडांबाहेरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. एमेतेरियाने छातीवर क्रूसाची खूण केली. लिमाचीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने पेटीतून तारेचा तुकडा काढला.

"चेन धरायला माणूस लागेल," तो खालमानेने म्हणाला. "तोरिकोला बोलावतो."

"मी धरते."

"ती खाली पडली तर समोरचं सगळं खोलावं लागेल, कोमाद्रे."

"म्हणून तर मी धरते."

त्याने चेन चक्राला दोन ठिकाणी तारेने बांधली. बाजूचा, चेन ताणून धरणारा टेन्शनर सोडवला, तशी चेन ढिली झाली. मग मधला बोल्ट काढून चक्र हळूच पुढे ओढलं. बासिलियाने चेनच्या दोन्ही बाजू दोन्ही हातांनी वर ताणून धरल्या. काळं तेल तिच्या मनगटावरून स्वेटरच्या बाहीत गेलं. लिमाचीने तार सैल केली, चेन दातांवरून उचलली, चक्र एक दात पुढे घेतलं.

त्याच्या खिशातला फोन वाजला. रिंगटोन मोरेनादाचीच. तो वाजतच राहिला. लिमाचीचा हात खिशाकडे गेला.

"हात लावाल तर बघा," बासिलिया म्हणाली. पुन्हा तुम्ही, पण आता त्यात मान उरला नव्हता.

फोन वाजून वाजून थांबला. चक्र बसलं, बोल्ट आवळला, टेन्शनर परत बसवला. लिमाचीने इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवलं, अगदी सावकाश, कुठे काही अडतंय का ते ऐकत. खूण शून्यावर. ठिपका खाचेसमोर. पुन्हा दोन फेरे. पुन्हा तिथेच. मग त्याने डिस्ट्रिब्युटर सैल करून बोल्ट चकचकीत चट्ट्यावर येईल असा फिरवला, उंचीसाठी केसभर पुढे घेतला आणि बोल्ट आवळला.

बासिलियाने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. थरथर नाही, खोकला नाही. एवढे दिवस पायाखाली जाणवणारा हिसका गेला होता. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. तिने पाय दाबला, सोडला, परत दाबला. मग गाडी बंद करून किल्ली पोलेरात खोचली.

"झालं," लिमाची म्हणाला. तो हात पुसत होता. "आता काढा दगड."

"एक मागणी झाली. दुसरी राहिली."

"कोमाद्रे, इंजिन तर झालं ना? आता उद्या सभेत जाऊन चालवून दाखवा. कळेल त्यांना."

"काय कळेल? आज चालतंय म्हणून आधीच्या तीन वेळा खोडल्या जाणार? आरुकिपा म्हणेल, बघा, गाडी चांगलीच होती, बाईच वाईट. तुमच्याच शब्दांत म्हणेल."

"माझा पट्टा आहे उद्या. त्याच वेळेला."

"माझी जागा आहे उद्या. त्याच वेळेला."

"साऱ्या मंडळासमोर माझं नाव..."

"माझं नाव साऱ्या लाइनसमोर गेलं तेव्हा तुम्हाला आरुकिपाशी बोलायला वेळ होता."

त्याने पेटी उचलली. फाटकाशी जाऊन वळून एकदा दगडांकडे बघितलं. फाटक लावून घेतलं.

शुक्रवारी दुपारी आरुकिपा गल्लीत येऊन गेला. गाडी चालू करून दाखवली तरी तो आपल्या गाडीतून उतरून बघायला तयार नव्हता. "चालतेय हे मलाही ऐकू येतंय," तो म्हणाला. "लाइनला हे कळायला हवं की तिन्ही वेळा दोष कुणाचा होता. मेकॅनिक येऊन सांगू दे. नाहीतर नियम तो नियम." तोरिकोने सांगितलेलं चालेल का, असं बासिलियाने विचारलं. आरुकिपा म्हणाला, ज्याने बंद केलं त्याने सांगावं. तोरिको त्या वेळी दारातच उभा होता. त्याने ऐकलं, आणि आत गेला.

मिनीबस आडवीच ठेवून बासिलिया पायी सभेला गेली. दगडांवर लक्ष ठेवायला एमेतेरिया खुर्ची घेऊन बसली.

सभा लाइनच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरली. बाकं भरलेली, उरलेले भिंतीला टेकून. आरुकिपाचा भाचा पहिल्या बाकावर बसला होता, केस पाण्याने चापून बसवलेले. बाहेर मैदानाच्या दिशेने बँडचे मोठे ढोल वाजवून बघत असल्याचे आवाज येत होते. रस्त्याची डागडुजी, नव्या थांब्याची मागणी आणि एका मेलेल्या सभासदाला श्रद्धांजली, असे आधीचे विषय झाले. मग आरुकिपाने बासिलियाचं नाव पुकारलं. तिने उभं राहून सांगितलं: चेन, दात, डिस्ट्रिब्युटर, तिन्ही चढाव. आवाज चढला, मग तिने तो खाली आणला. मागून कुणीतरी म्हणालं, "क्लचचं काय?" आणि हशा पिकला. ती त्या माणसाकडे बघत राहिली, त्याने मान खाली घालेपर्यंत.

"मेकॅनिक आलाय का?" आरुकिपाने विचारलं.

माना मागे वळल्या. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर उस्ताद एलेउतेरिओ लिमाची बसला होता. टोपी गुडघ्यावर, अंगात काळा कोट, खांद्यावर यजमानाचा पट्टा. पट्टा चढवून तो तालमीच्या मैदानावरून कधी उठून आला होता, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आरुकिपाने प्रश्न पुन्हा विचारला.

लिमाचीने टोपी बाजूला, बाकावर ठेवली. सभेत बोलायचं तर आधी हात वर करावा लागतो. त्याने तो अजून वर केलेला नव्हता.